पातळी कोणती, हे कोण ठरवणार?

शाळांमधून बोर्डाच्या उमेदवारांची यादी जायची वेळ जवळ आली की माझ्याकडच्या पत्रांत एक प्रश्न हमखास वाढतो: सीबीएसईच्या दहावीला गणित बेसिक घ्यायचं की स्टँडर्ड? यंदा त्याच जातीची पत्रं थेट कॅलिफोर्नियातून आणि राज्य मंडळाच्या एका शिक्षकाकडूनही आली, म्हणून या अंकातली सगळी जागा त्यांनाच दिली आहे. मी आधी सोलापुरात राज्य मंडळाच्या शाळेत आणि नंतर पुण्यात सीबीएसईच्या शाळेत गणित शिकवलं. माझी मतं त्या वर्गांमध्ये तयार झालेली आहेत आणि ती मी मोकळेपणाने सांगणार आहे.

प्रश्न : माझी मुलगी सीबीएसईच्या शाळेत दहावीत आहे. पहिल्या परीक्षेत गणितात ८०पैकी ३४ गुण पडले. शाळेने आम्हाला बोलावून सांगितलं की तिला बेसिक घेऊ द्या, टक्केवारी वाढेल. तिचे बाबा म्हणतात, बेसिक म्हणजे जन्माचा शिक्का. मुलीला विचारलं तर म्हणते, तुम्ही ठरवा. तिला आर्किटेक्चर आवडतं, पण अजून नक्की नाही. आम्ही काय करावं?
(एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, दोन्ही परीक्षांत नेमकं काय वेगळं असतं ते आधी सांगते, कारण शाळेतल्या बैठकीत हे फार घाईत उरकतात. सीबीएसईने जानेवारी २०१९मध्ये परिपत्रक काढलं आणि २०२०च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताचे दोन स्तर झाले. पुस्तक एकच, वर्ग एकच, शिकवणंही एकच. शाळेच्या हातातले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुणही दोघांना एकाच पद्धतीने. वेगळी असते ती फक्त बोर्डाची ८० गुणांची प्रश्नपत्रिका. तीसुद्धा वरवर पाहिली तर सारखीच दिसते: तीन तास, ३८ प्रश्न, तेच पाच विभाग. फरक प्रश्नांच्या पोटात आहे. बेसिकमध्ये ८०पैकी ६० गुण आठवून आणि समजून लिहिता येतील अशा प्रश्नांना असतात, स्टँडर्डमध्ये ते ४३वर येतात. उलट, स्वतः विचार करून उलगडावे लागतात असे प्रश्न बेसिकमध्ये ८ गुणांचे आणि स्टँडर्डमध्ये १८ गुणांचे.

हे आकडे कोरडे वाटतील, म्हणून उदाहरण देते. 'x² + ५x − १८०० = ० या समीकरणाची मुळे काढा' असा प्रश्न आला तर रीत पाठ असलेलं मूल तो सोडवतं. आता हाच प्रश्न असा वाचा : एक गाडी ३६० किलोमीटर अंतर एकसारख्या वेगाने जाते, वेग ताशी ५ किलोमीटरने जास्त असता तर तिला एक तास कमी लागला असता, तर गाडीचा वेग किती? समीकरण तेच निघतं, उत्तर ताशी ४० किलोमीटर. पण इथे समीकरण कोणी हातात देत नाही, ते गोष्टीतून काढावं लागतं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं या एका पायरीवर अडायची. एकदा समीकरण कागदावर आलं की पुढचं सगळं तीच मुलं भराभर करायची.

म्हणून तुमच्या मुलीचे ३४ गुण किती, यापेक्षा ते कुठे गेले हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तिची उत्तरपत्रिका शाळेकडून मागून घ्या आणि तिच्याशेजारी बसून गेलेला प्रत्येक गुण पाहा. चिन्ह चुकलं, आकडेमोड चुकली, वेळ पुरला नाही, पायरी लिहिली नाही, अशी कारणं असतील तर ती तीन-चार महिन्यांत सुटणारी आहेत. प्रश्न वाचून कुठून सुरुवात करायची हेच कळलं नाही, असं वारंवार दिसलं तर अडचण खोल आहे. त्यानंतर सीबीएसईच्या शैक्षणिक संकेतस्थळावरून दोन्ही स्तरांच्या नमुना प्रश्नपत्रिका घ्या. त्यांच्यासोबत गुणदान योजनाही असते. एका रविवारी स्टँडर्ड, पुढच्या रविवारी बेसिक, घड्याळ लावून पूर्ण तीन तास. तपासणी घरच्या कोणी न करता तिचं कौतुक किंवा रागराग न करणाऱ्या शिक्षकाने करावी. स्टँडर्डमध्ये चाळिशीच्या आसपास गुण आले आणि चुका पहिल्या प्रकारच्या असल्या, तर मी स्टँडर्डच घ्यायला सांगेन. स्टँडर्डमध्ये विशीत अडकली आणि बेसिकमध्ये पन्नाशी गाठली, तर बेसिक घेऊन तिचं वर्ष सुखाचं जाऊ द्या.

आता पुढच्या दाराबद्दल. आर्किटेक्चरला बारावीत गणित लागतं. सुरुवातीला सीबीएसईचा नियम कडक होता : बेसिक घेऊन उत्तीर्ण झालेल्याला अकरावीत नेहमीचं गणित मिळणार नाही, हवं असेल तर पुरवणी परीक्षेत स्टँडर्ड द्यावं लागेल. करोनाच्या काळात ही अट शिथिल झाली, सवलत पुढेही चालू राहिली, आणि मग मुख्याध्यापकांनी मुलाची आवड व कुवत यांची खात्री करून घेऊन प्रवेश द्यावा, अशी भूमिका बोर्डाने घेतली. म्हणजे दार उघडं आहे, पण त्याची कडी मुख्याध्यापकांच्या हातात आहे. अकरावीत गणिताच्या जागा कमी असलेल्या शाळेत ही 'खात्री' कशी केली जाते ते मी पाहिलेलं आहे. बेसिक घेतलं तर पुढे आमच्याच शाळेत गणित मिळेल का, हे आज विचारा आणि उत्तर लेखी घ्या. अकरावीला राज्य मंडळाच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणार असाल तर तिथेही आत्ताच विचारून ठेवा.

बाबांना सांगा, गुणपत्रिकेत विषयाच्या नावापुढे बेसिक लिहिलेलं असतं हे खरं, पण बारावी झाल्यावर ते कोणी शोधत बसत नाही. आणि शाळेला नम्रपणे पण स्पष्ट विचारा की 'टक्केवारी वाढेल' ती कोणाची? काही शाळा कच्च्या वाटणाऱ्या सगळ्या मुलांना एकगठ्ठा बेसिककडे लोटतात, कारण त्यामुळे शाळेच्या निकालाचा फलक चांगला दिसतो. मला हे अत्यंत चुकीचं वाटतं. बोर्डाने ही निवड विद्यार्थ्याला दिलेली आहे.

राहता राहिलं तिचं 'तुम्ही ठरवा'. पंधरा वर्षांची मुलगी असं म्हणते तेव्हा बहुधा तिला घरातल्या वादाची भीती वाटत असते. दोन्ही पेपर सोडवून झाल्यावर, बाबा घरात असताना, तिलाच विचारा : कोणता पेपर सोडवताना तुला आपण काहीतरी करतोय असं वाटलं? ती जे म्हणेल ते मोडू नका.

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची, सहा महिन्यांसाठी मुलाकडे कॅलिफोर्नियात आले आहे. नातू दहावीत आहे. त्याने एपी वर्ल्ड हिस्टरी, केमिस्ट्री ऑनर्स आणि अल्जेब्रा २ ऑनर्स असं घेतलंय. रात्री एकपर्यंत जागतो, सकाळी जेवणाच्या टेबलावर डुलक्या घेतो. सून म्हणते, आमच्या ओळखीतल्या सगळ्या मराठी मुलांनी हेच घेतलंय, नाहीतर चांगलं कॉलेज मिळत नाही. मला यातलं काही कळत नाही. मी बोलावं का?
(एक आजी)

उत्तर : आजी, तुम्ही जरूर बोला. आणि बोलताना हाताशी माहिती असावी म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तिकडच्या हायस्कूलमध्ये एकच विषय दोन-तीन उंचींवर शिकवतात. साधा वर्ग, त्याहून वरचा ऑनर्स, आणि एपी म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास. एपीचा हा कार्यक्रम कॉलेज बोर्ड नावाची संस्था १९५५पासून चालवते. मे महिन्यात तिची परीक्षा होते आणि १ ते ५ गुण मिळतात. आपल्याकडच्या बेसिक-स्टँडर्डपेक्षा हे वेगळं आहे, कारण तिथे फक्त पेपर बदलत नाही. वर्ग, शिक्षक, पुस्तक, गृहपाठ, सगळंच बदलतं. एका एपी विषयाचं रोजचं वाचनच तासाभराचं असू शकतं.

आणि याच्यामागे गुणांचं गणित आहे. साध्या वर्गात ए मिळाला तर ४ धरतात, एपीत ए मिळाला तर बहुतेक ठिकाणी ५ धरतात. सूनबाईंच्या मनात ही ५ची संख्या आहे. पण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा नियम त्यांनी नीट वाचला आहे का, ते विचारा. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरे सगळी केंद्रं ज्या विद्यापीठाची आहेत, ते प्रवेशासाठी सरासरी काढताना दहावी-अकरावीचेच गुण धरतं, नववीचे नाही. वाढीव गुण जास्तीत जास्त आठ सेमिस्टरांपुरतेच मिळतात, आणि त्यातली दहावीतली जास्तीत जास्त चार. चार सेमिस्टर म्हणजे वर्षभराचे दोन विषय. नातवाने दहावीत तीन अवघड विषय घेतलेत, म्हणजे तिसऱ्याचा या हिशेबात काडीचा फायदा नाही. विद्यापीठ विषयांचा अवघडपणा स्वतंत्रपणेही पाहतं हे खरं, पण ते त्या शाळेत काय उपलब्ध होतं आणि मुलाने त्यातून काय केलं, या संदर्भात. झोपेत लिहिलेल्या सी ग्रेडने ती बाजू भक्कम होत नाही.

तिन्हीपैकी कोणता सोडायचा? इथे आईबाबांना न विचारता नातवाला विचारा की शाळा सुटल्यावर कोणत्या विषयाबद्दल तो आपणहून बोलतो. तो विषय ठेवायचा. मला विचाराल तर अल्जेब्रा २ शक्यतो वरच्या पातळीवर ठेवावा, कारण गणिताच्या जिन्यात पुढची पायरी मागच्या पायरीवरच बसते : अल्जेब्रा १, जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. इतिहासात किंवा रसायनात साध्या वर्गातून पुढच्या वर्षी वर चढणं त्यामानाने सोपं असतं. पण त्याला इतिहासाचं वेड असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि रसायन उतरवा.

तारखेकडे लक्ष ठेवा. वर्ष सुरू झाल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत विषयाची पातळी बदलता येते, ती मुदत गेली की कागदावर नोंद राहते. मुदत प्रत्येक शाळेची वेगळी असते. मुलाला शाळेच्या काउन्सेलरकडे पाठवा. हे काम तिकडे आईबाबांपेक्षा मुलांनी स्वतः केलेलं शाळेला आवडतं.

तुमच्या सूनबाईंची भीती मला परकी नाही. रविवारच्या मराठी शाळेच्या वाहनतळावर उभं राहून सगळ्यांची मुलं काय घेताहेत हे ऐकलं की कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल. शिवाय त्या भागात हा विषय तापलेलाही आहे. कॅलिफोर्नियातल्याच सॅन फ्रान्सिस्कोत २०१४पासून आठवीत कोणालाच अल्जेब्रा १ द्यायचा नाही, सगळ्यांनी तो नववीत एकत्र शिकायचा, असं शाळा विभागाने ठरवलं. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलं खालच्या वर्गांत साचून राहतात, ते मोडावं हा हेतू होता आणि तो प्रामाणिक होता. पण ऐपत असलेल्या घरांनी मुलांना बाहेर पैसे भरून तोच अभ्यास करायला लावला, आणि ऐपत नसलेल्या घरातल्या गणिताच्या वेड्या मुलाला मात्र वाट राहिली नाही. मार्च २०२४मध्ये तिथल्या मतदारांनी आठवीत अल्जेब्रा परत आणा, असा मोठ्या बहुमताने कौल दिला. वरची पातळी बंद करून समता येत नाही, हे मला त्यातून पटतं. पण वरची पातळी उपलब्ध आहे म्हणून आपल्या मुलाने प्रत्येक विषयात तिथे असलंच पाहिजे, हेही त्यातून निघत नाही.

प्रश्न : मुलगी आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळेत अकरावीत आहे. गणित एसएल (स्टँडर्ड लेव्हल) घेतलं तर ते कमी दर्जाचं मानतात का?
(एक वडील, मुंबई)

उत्तर : नाही. आयबी डिप्लोमात सहा विषय असतात आणि त्यातले किमान तीन एचएल, म्हणजे वरच्या पातळीवर घ्यावेच लागतात. उरलेले एसएल असणं हा त्या रचनेचाच भाग आहे. एचएलला साधारण २४० तास, एसएलला १५० तास. एकूण ४५ गुणांच्या बेरजेत एसएलचे ७ आणि एचएलचे ७ सारखेच मोजले जातात. तुम्ही पातळीपेक्षा गणिताचा प्रकार आधी पाहा. २०१९पासून तिथे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस आणि ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन. अभियांत्रिकी, भौतिकशास्त्र किंवा शुद्ध गणित मनात असेल तर पहिला, आणि तो एचएल. मानसशास्त्र, डिझाइन, समाजशास्त्र असेल तर दुसरा एसएलमध्ये पुरतो. ज्या विद्यापीठांत अर्ज करणार त्यांच्या पानावर विषयाची अट नावानिशी लिहिलेली असते, ती वाचूनच सही करा.

प्रश्न : मी नागपूरला सीबीएसईत दहावीत शिकते. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, तू बेसिक घे. आता मुलं मला बेसिक म्हणूनच हाक मारतात. मला एनडीएत जायचंय, एअर फोर्समध्ये. सर म्हणतात तर खरंच मला जमणार नाही का?

उत्तर : बाळा, सगळ्यांसमोर सांगितलं ते सरांनी करायला नको होतं. विद्यार्थ्याची पातळी ही त्याची आणि शिक्षकांची खासगी गोष्ट असते. तुला वाईट वाटलं ते योग्यच आहे. जी मुलं चिडवतात त्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस, पण वर्गशिक्षिकेला एकदा जाऊन हे सांग.

आता कामाचं. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा स्वतंत्र पेपर असतो. अडीच तासांत १२० प्रश्न, चुकीला गुण कापतात. त्यात त्रिकोणमिती, आव्यूह (मॅट्रिक्स), कलनशास्त्र, सदिश, संभाव्यता, सगळं अकरावी-बारावीच्या पातळीचं. एअर फोर्ससाठी बारावीत भौतिक, रसायन आणि गणित हवंच. म्हणजे गणिताशी तुझी गाठ पुढची दोन वर्षं रोजची आहे. म्हणून तुझ्या बाबतीत माझा कौल स्टँडर्डकडे आहे, गुण दहा-बारा कमी आले तरी. दहावीत अवघड प्रश्नांपासून लांब राहिलीस तर अकरावीत ते एकदम अंगावर येतील.

सरांना एकटीने भेट. शेवटच्या तीन परीक्षांच्या उत्तरपत्रिका सोबत ने आणि विचार, 'सर, माझं नेमकं कुठे कच्चं आहे?' चांगला शिक्षक या प्रश्नाला उत्तर देतोच. बहुधा तुझं उत्तर बीजगणितात आणि त्रिकोणमितीत सापडेल. बोर्डाच्या ८० गुणांत बीजगणिताला २० आणि त्रिकोणमितीला १२ आहेत, आणि अकरावीचा पाया याच दोघांवर उभा राहतो. दिवाळीपर्यंत या दोन भागांतला पुस्तकातला प्रत्येक प्रश्न, सोडवलेली उदाहरणं धरून, स्वतःच्या हाताने कर. सोडवलेलं उदाहरण आधी झाकून ठेवायचं, स्वतः करायचं, मग उघडून पाहायचं. गाईड नको. त्रिकोणमितीत 'सिद्ध करा' आलं की एका वेळी एकच बाजू घेऊन ती दुसरीसारखी होईपर्यंत चालत राहायचं, दोन्ही बाजू एकदम हलवायच्या नाहीत. माझ्या वर्गातल्या मुलींची अर्धी भीती एवढ्या एका शिस्तीने गेली होती.

आणि काही कारणाने बेसिकच द्यावं लागलं, तरी रडत बसू नकोस. अकरावीत गणित मिळायची वाट सध्या मुख्याध्यापकांमार्फत आहे, आणि त्यांच्यासमोर ठेवायला तुझ्याकडे तेव्हा सहा महिन्यांच्या वह्या असतील. मे २०२५मध्ये खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, ते तुला माहीत असेलच. मला पत्र पाठवत राहा.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यात राज्य मंडळाच्या शाळेत गणित शिकवतो. आमच्याकडे दहावीच्या तीन तुकड्या आहेत. यंदापासून नववीच्या गुणांवरून हुशार मुलं अ तुकडीत, मधली ब, कच्ची क, अशी विभागणी करायचं संस्थेने ठरवलंय. मी एकटाच विरोधात आहे. सहकारी म्हणतात, सगळ्यांना एकच शिकवण्यापेक्षा पातळीप्रमाणे शिकवलेलं बरं. मी चुकतोय का?

उत्तर : सर, तुम्ही अजिबात चुकत नाही, आणि या पत्राने मला सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं. मी सोलापुरात अशाच शाळेत होते. अ तुकडीला सगळ्यात अनुभवी शिक्षक, पहिला तास, खिडकीशेजारची खोली. क तुकडीला नवीन शिक्षक किंवा जो रिकामा असेल तो. जूनमध्ये क तुकडीत आलेलं मूल मार्चमध्ये अ तुकडीत गेलेलं मी तिथे कधी पाहिलं नाही. सगळ्या विषयांत कच्चं असं मूल फार क्वचित असतं. गणितात अडलेली मुलगी मराठीत कविता करत असते, इंग्रजीला घाबरणारा मुलगा भूमितीची रचना सुबक काढतो. एकाच बेरजेवरून त्यांना एका खोलीत कोंडणं हा अन्याय आहे, आणि मुलांना तो पहिल्या दिवशी कळतो.

तुमच्या संस्थाचालकांना सिंगापूरचं उदाहरण द्या, कारण त्या देशाचं नाव त्यांना ऐकायला आवडेल. तिथे १९८०च्या दशकापासून माध्यमिक शाळेत मुलांचे वेगळे प्रवाह होते, पुढे त्यांची नावं एक्स्प्रेस, नॉर्मल अकॅडेमिक आणि नॉर्मल टेक्निकल अशी झाली. चाळीसएक वर्षांनी, २०२४ साली माध्यमिकच्या पहिल्या वर्षात आलेल्या मुलांपासून, त्यांनी ते प्रवाह बंद केले. आता वर्ग मिश्र असतो आणि प्रत्येक विषय जी१, जी२, जी३ अशा पातळ्यांवर घेता येतो. एकच मूल गणित जी३ आणि इंग्रजी जी२ घेऊ शकतं, आणि पुढे पातळी बदलूही शकतं. पातळ्या त्यांनी ठेवल्या, पण त्या मुलाला न लावता विषयाला लावल्या.

आपल्या घरचं उदाहरण तर याहून जवळचं आहे. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने प्राथमिकच्या मुलांना इयत्तेऐवजी वाचन-गणिताच्या पातळीनुसार गटांत बसवून शिकवलं. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर डुफ्लो यांच्या चमूने त्याचा अभ्यास केला आणि मुलांना फायदा होतो असं दिसलं. पण तिथे गट दिवसातल्या तास-दोन तासांपुरता असतो, मुलाची पुन्हा पुन्हा चाचणी होते आणि ते वरच्या गटात सरकत राहतं. तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं या अर्थाने खरं आहे : पातळीप्रमाणे शिकवण्यात दोष नाही. वर्षभराची तुकडी करण्यात आहे.

मग संस्थेपुढे विरोधाऐवजी प्रस्ताव ठेवा. तिन्ही तुकड्या मिश्रच ठेवायच्या, पण वेळापत्रकात आठवड्यातले गणिताचे तीन तास तिन्ही तुकड्यांना एकाच वेळी लावायचे. त्या तासांपुरते गट बदलतील. दर सहा आठवड्यांनी छोटी चाचणी आणि नवी यादी. गटांना अ-ब-क नाव द्यायचं नाही, शिक्षकाच्या नावाने ओळखायचं. आणि सगळ्यात अवघड अट : सगळ्यात कच्च्या गटाला शाळेतला सगळ्यात चांगला गणिताचा शिक्षक, बहुधा तुम्हीच. वेळापत्रक करणाऱ्या सरांना हे जमवताना त्रास होईल. मी ते काम केलेलं आहे आणि ते जमतं.

प्रश्न : मुलगा राज्य मंडळाच्या शाळेत नववीत आहे, गणितात फारच मागे आहे. आपल्याकडे बेसिकसारखा पर्याय आहे का?
(परभणी)

उत्तर : सध्या नाही. राज्य मंडळात गणित भाग १ आणि भाग २ सगळ्यांना सारखेच, प्रत्येकी ४० गुणांचे, आणि २० गुण अंतर्गत. पूर्वी काही वर्षं सामान्य गणित हा पर्याय होता. २०१७ साली नववीची नवी पुस्तकं आली त्या सुमारास तो गेला. तो घेणाऱ्यांना विज्ञान शाखेचा रस्ता बंद असायचा आणि हे कित्येक घरांना दहावीच्या निकालानंतर कळायचं, त्यामुळे तो गेल्याचं मला फारसं दुःख नाही. पण त्याच्या जागी काहीच आलं नाही, याचं आहे.

तुमच्या मुलाला आकडे उलटसुलट दिसत असतील, पाढे पाठ करूनही टिकत नसतील, घड्याळ वाचताना किंवा सुटे पैसे मोजताना अजून गोंधळ होत असेल, तर आळस समजून रागावू नका. गणितापुरती अध्ययन अक्षमता असू शकते. मंडळाच्या सवलती अशा मुलांसाठी आहेत, पण त्यासाठी सक्षम शासकीय रुग्णालयातून तपासणी होऊन प्रमाणपत्र लागतं आणि त्या तपासणीला वेळ लागतो. शाळेशी या महिन्यातच बोला, दहावीचा अर्ज भरायच्या वेळी उशीर होईल. तसं काही नसेल, तर त्याला नववीच्या पुस्तकावरून उठवून सहावी-सातवीच्या अपूर्णांकांवर आणि समीकरणांवर नेऊन बसवा. दिवाळीची सुट्टी त्याला पुरेल.